आवाज कुठं फाटतो

काकांचं मशीन जागं व्हायला अर्धा मिनिट घ्यायचं. खटका दाबला की आधी काहीच नाही. मग मागच्या जाळीतून नारिंगी उजेड झिरपू लागायचा, तापलेल्या धुळीचा वास यायचा आणि निंबावर बांधलेल्या भोंग्यातून बारीक ‘घूं’ ऐकू यायचं. तोवर माईकला हात लावायची आम्हा पोरांना बंदी. कोणी घाई केलीच तर काका म्हणायचे, “थांब ना बे. दूध उतू जाऊन रायलं का?”

मशीन म्हणजे अँप्लिफायर. हा शब्द बार्शीटाकळीत फक्त बिलावर असायचा. धंद्यात मशीन, माईक, भोंगा, आणि भोंग्याच्या बुडाशी आट्यांनी फिरवून बसवलेलं युनिट. मशीनच्या आत काचेचे वॉल. पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह लिहितात. काका वॉल म्हणत, मीही वॉलच म्हणणार.

मी १९५७चा. आमच्या लहानपणी बार्शीटाकळीचा तालुका अकोलाच होता. अकोल्याहून पूर्णेला जाणाऱ्या मीटरगेजवरचं एक स्टेशन, हेमाडपंती देवळाचं जुनं गाव. काका अकोल्यात एका रेडिओच्या दुकानात हाताखाली राहून शिकले आणि १९६४ साली गावात येऊन त्यांनी ‘लाउडस्पीकर सर्व्हिस’ची पाटी लावली. भांडवल काय, तर पन्नास वॉटचं एक मशीन, चार भोंगे, दोन माईक, तवे वाजवायचा रेकॉर्ड-प्लेअर आणि वायरीची दोन भेंडोळी. लग्न, भागवत सप्ताह, भीमजयंतीचा जलसा, दर्ग्याच्या उरुसातली कव्वाली, निवडणुकीचा टांगा. गिऱ्हाईक बदलायचं, मशीन तेच.

हा धंदा तेव्हा फार जुना नव्हता. देशात कर्णा रुळला तो सभांमुळं. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना मोटवाने कुटुंबाची ‘शिकागो रेडिओ’ ही कंपनी कर्णे पुरवायची. गांधी-नेहरूंचे जुने फोटो नीट पाहिले तर माईकवर त्या नावाची छोटी पाटी दिसते. नाव शिकागोचं आणि माणसं सिंधी, मुंबईची. नंतर आहुजा कंपनीची मशीनं गावोगाव पोचली. १९६१मध्ये बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं फिलिप्सच्या मदतीनं रेडिओचे वॉल देशातच बनवायला घेतले आणि काकांसारख्यांचं काम सोपं झालं. अकोल्याला एसटीनं जायचं, टिळक रोडवरून पुठ्ठ्याच्या डबीतला वॉल घ्यायचा आणि परतीच्या गाडीत तो मांडीवर धरून बसायचं. ते काम माझं. वॉलवर ‘बीईएल’ लिहिलेलं असायचं आणि मी ते बोटानं पुसून पाहायचो. पुसलं जायचं. काका त्यासाठी एकदा ओरडले होते.

काकांची सगळी विद्या एका गोष्टीत होती : आवाज फाटू द्यायचा नाही.

फाटतो म्हणजे काय ते त्यांनी मला महानच्या धरणावर समजावलं. आमच्या मामाचं शेत तिकडं होतं. कालव्याचं दार दाखवून म्हणाले, “वॉल म्हणजे हे दार.” वॉलच्या मधोमध एक नळी असते. ती तापली की इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरचा पत्रा तीन-चारशे व्होल्टच्या जोरानं ते ओढून घेतो. दोघांच्या मध्ये तारेची जाळी. ही जाळी १९०६मध्ये ली द फॉरेस्ट नावाच्या अमेरिकन माणसानं घातली आणि सगळं जग बोलायला लागलं. माईकमधून आलेली चिमूटभर वीज जाळीवर जाते आणि दार थोडं उघडते, थोडं लावते. त्या हलक्या हाताच्या हुकमावर मागचं मोठं पाणी कमी-जास्त होतं. आता गाणाऱ्यानं बोंब मारली तर दार पुरतं उघडतं. त्यापुढं आणखी ओरडून उपयोग नाही, कारण पाणी आहे तेवढंच येणार. उलट बाजूला दार पुरतं लागतं आणि पाणी शून्याखाली जात नाही. आवाजाच्या लाटेचा माथा आणि तळ सपाट होतो. कान त्याला फाटणं म्हणतो.

सपाट झालेल्या लाटेत मूळ सुराबरोबर नवे सूर उगवतात. एकटा वॉल फाटला की मुख्यतः वरचा सा चिकटतो. मोठ्या मशीनमध्ये शेवटचे दोन वॉल जोडीनं, एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो असे चालतात. त्या जोडीत वरचा सा एकमेकांना खाऊन टाकतो आणि उरतो वरच्या सप्तकातला पंचम, त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. म्हणजे फाटणं बेसूर नसतं. एकच सूर फाटला तर तो भरतो, जाड होतो. घोटाळा होतो तो दोन-तीन सूर एकदम फाटले की. ते एकमेकांत मिसळून असे सूर काढतात जे कोणी वाजवलेलेच नसतात. गाणारा आणि पेटी एकाच माईकवर असली की हेच व्हायचं आणि मांडवात चिखल झाल्यासारखा आवाज यायचा. हे मी फार नंतर वाचलं. काका एवढंच म्हणत, “पेटीले येगळा माईक पाह्यजे.”

त्यांचं निदान ऐकण्यासारखं असायचं. मशीन हळू आवाजातही फाटत असेल तर ते दिवा मालवून मागच्या जाळीतून आत बघत. मोठ्या वॉलचा पत्रा लालसर दिसला की समजायचं, कंडेन्सर गळतोय : अलीकडच्या वॉलचं उंच व्होल्टेज पलीकडच्या जाळीवर झिरपतंय आणि दार कायमचं अर्धवट उघडं राहिलंय. एखाद्याच सुरावर खरखर झाली तर युनिट. पडदा तडकला किंवा आतली गुंडाळी घासते. आणि मशीन फक्त मोठ्यानं लावल्यावर फाटत असेल तर ते खटक्यावरचा हात काढून म्हणत, “हे मशीनचं दुखणं नाई. नवरदेवाच्या बापाचं हाय.” नवरदेवाच्या बापाला आवाज शेजारच्या पिंजरपर्यंत जायला हवा असायचा.

सगळ्यात कठीण गुरुदेव सेवा मंडळाचं भजन. तुकडोजी महाराजांमुळं आमच्या वऱ्हाडात खंजिरी घरोघर. तिची थाप माणसाच्या आवाजापेक्षा कितीतरी पटीनं उंच उडी घेते, पण क्षणभरच. बोल ऐकू येतील इतकं मशीन वाढवलं की थाप फाटलीच. म्हणून काका पन्नास वॉटचं मशीन पंचवीसच्या वर जाऊ देत नसत. उरलेले पंचवीस खंजिरीसाठी राखून. मंगलाष्टकांना तर ते स्वतः मशीनपाशी बसत. गुरुजी शेवटच्या ‘सावधान’ला माईक गिळायचे.

या साफ आवाजाचा एक शत्रू त्यांच्या हातात नव्हता. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी सातला गावातली लाइन उतरायची. बल्ब पिवळा, वॉल अंधुक. पत्र्यावरचं व्होल्टेज कमी म्हणजे मागचं पाणीच कमी, म्हणून रोजच्या खुणेच्या कितीतरी आधी आवाज फाटायला लागायचा. काका वैतागून भोंगे कमी करायचे. पुढं कळलं की अमेरिकेत एडी व्हॅन हेलन नावाचा गिटारवाला हेच मुद्दाम करायचा. त्यांच्याकडं लाइन ११०-१२० व्होल्टची, तो ती एका मोठ्या डिमरनं नव्वदच्या आसपास उतरवून मशीन वाजवायचा, आणि १९७८च्या त्याच्या पहिल्या तबकडीतल्या आवाजामागं जग वेडं झालं. आम्हाला ते रोज संध्याकाळी फुकट मिळत होतं.

ही दुसरी बाजू मला कळली ती मास्तरकीची नोकरी लागल्यावर, वाचनातून. आमच्याकडं जो दोष, तो तिकडं लोक विकत घेत होते. १९५१मध्ये मेम्फिसला ‘रॉकेट ८८’ हे गाणं रेकॉर्ड करायला निघालेल्या मंडळींच्या मशीनला वाटेत इजा झाली. ते गाडीवरून पडलं असं कोणी सांगतं, पावसात भिजलं असं कोणी. स्पीकरच्या फाटक्या कागदात बोळे कोंबून त्यांनी तसंच वाजवलं आणि गाणं चाललं. १९६४मध्ये लंडनच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं छोट्या मशीनच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं स्वतःच कापला. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काका आले. युनिटचा पडदा गेला की ते त्या दिवशी जेवत नसत.

मार्शलची हकीकत मात्र त्यांना आवडली असती. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं ढोल-ताशाचं म्हणजे ड्रमचं दुकान. अमेरिकेची फेंडर मशीनं महाग, म्हणून १९६२च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या दुरुस्तीवाल्यांनी फेंडरच्या ‘बॅसमन’ मशीनचा नकाशा उतरवून, इंग्लंडात मिळतील ते सुटे भाग घालून आपलं बनवलं. काही वर्षांनी त्यात ईएल-३४ वॉलची जोडी आली आणि रॉकचा गुरगुरणारा आवाज म्हणून जग जे ओळखतं ते तयार झालं. काकांच्या पन्नास वॉटच्या मशीनमध्येही ईएल-३४चीच जोडी होती. नकाशा उतरवून मिळेल तो भाग घालणं हे तर बार्शीटाकळीतही रोजचं होतं. तिकडं ती जोडी पिळून काढत होते, इकडं आम्ही तिला पीळ बसू नये म्हणून पहारा देत होतो. वॉलला त्याचं काही नव्हतं.

आमच्याकडं फाटणं मागून घेणारा पहिला माणूस बेंजोवाला.

बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे, बुलबुल तरंग. १९१२ साली जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं टाइपरायटरसारख्या बटणांचं एक तंतुवाद्य काढलं, तैशोगोतो. ते आपल्याकडं आलं आणि कव्वालीत, भीमगीतांत, लग्नाच्या वरातीत शिरलं. मग कोणीतरी त्याच्या तारांखाली गिटारसारखं चुंबकाचं पिकअप बसवलं. तार लोखंडाची, खाली चुंबक, त्यावर बारीक तांब्याची गुंडाळी. बस्स, इलेक्ट्रिक गिटारचं पोट हेच. गिटार विकत घ्यायची ऐपत नसलेल्या महाराष्ट्राची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बेंजो, असं माझं मत आहे, आणि ते मी कोणत्याही पुण्यामुंबईच्या वादकापुढं मांडायला तयार आहे.

साल १९८० संपत आलं होतं. ‘कर्ज’ सिनेमा लागून गेला होता आणि त्यातली गिटारची ती धून पोरापोराच्या तोंडी होती. एका वरातीच्या आदल्या संध्याकाळी बेंजोवाला दुकानात आला. वाद्य टेबलावर ठेवून म्हणाला, “काका, आवाज साफ येऊन रायला.”

“मग चांगलं हाय ना.”

“नाई ना. पिच्चरमंदी कसा चिरतो. तसा पाह्यजे.”

काकांनी चष्मा वर करून त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता याला हाकलणार. पण धंदा मंदीत होता, आणि माझ्या मते काकांना कुतूहलही वाटलं असावं. त्यांनी बेंजोची वायर रेकॉर्ड-प्लेअरच्या भोकातून काढली आणि माईकच्या भोकात घातली. माईकची वीज फारच बारीक असते, म्हणून त्या वाटेवर एक वॉल जास्त असतो. बेंजोचं पिकअप माईकच्या कितीतरी पट जोरकस. पहिलाच लहान वॉल, ईसीसी-८३, भरून वाहू लागला. बेंजोवाल्यानं तार छेडली आणि आवाज चिरला. पण मशीन एवढं वाजलं की समोरच्या किराणावाल्यानं शटर ओढलं.

काकांच्या पुढचा प्रश्न हाच होता. फाटायला हवं तर आवाजाची खुंटी वर पाहिजे आणि खुंटी वर तर गाव बहिरं. मशीनला प्रत्येक भोकाची एकच खुंटी. दोन दिवसांनी त्यांनी मशीनचं बूड उघडलं आणि लहान वॉल व मोठे वॉल यांच्या मध्ये आणखी एक खुंटी डाग लावून जोडली. पुढची खुंटी किती फाडायचं ते ठरवणार, मागची किती मोठ्यानं ते. गिटारच्या मशीनवर आज गेन आणि मास्टर अशा ज्या दोन खुंट्या असतात त्या ह्याच. परदेशात त्या नेहमीच्या झाल्या त्या १९७०च्या दशकात. काकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना किराणावाल्याशी भांडण नको होतं, इतकंच.

वाजवून पाहिलं आणि काकांनी नाक मुरडलं. “हे माशीवानी फाटते,” म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. नुसता लहान वॉल फाटला की आवाज बारीक, भुणभुणता. मोठी जोडी तिच्या ताकदीच्या टोकाला जाते, ट्रान्सफॉर्मरचं लोखंड भरतं, मागचा पुरवठा दम खातो, तेव्हा जो आवाज दबून पुन्हा फुगतो तो वेगळा. उभी ज्वारी वाऱ्यात लवून परत उठते तसा. तो मिळवायचा तर गाव बहिरं करण्याला इलाज नाही. म्हणून वरातीत मागची खुंटीही पुरी उघडायची असं ठरलं. वरातीत कोण तक्रार करतं?

आणखी एक गोष्ट त्या आठवड्यात ध्यानात आली. काकांनी एका जुन्या रेडिओग्रामचा बारा इंची कागदी स्पीकर खोक्यात ठोकून त्यावर बेंजो लावला. फाटलेला आवाज अचानक गोड झाला. कागदाचा मोठा पडदा अतिशय वरचे सूर पुढं पाठवूच शकत नाही. फाटण्यातून उगवलेला काचेसारखा कच्चा भाग तिथंच गळतो आणि पोट उरतं. गिटारच्या मशीनमध्ये बारा इंची कागदच का वापरतात त्याचं कारण हेच. भोंगा उलटा : पोट खातो आणि नेमकं कानात घुसणारं तेवढं फेकतो. बेंजोवाल्यानं दोन्ही ऐकलं. खोक्याचा आवाज छान आहे म्हणाला आणि भोंगा घेऊन गेला. खोका शंभर पावलांवर ऐकू येत नव्हता. आज आमच्याकडच्या संदल बँडला, नागपूरकडच्या धुमाल बँडला जो कर्कश, तरी पाय उचलायला लावणारा आवाज आहे, तो त्या निवडीचा आहे असं मी समजतो. रस्त्यावरच्या वाद्याला आधी लांब जायचं असतं.

आणि बेंजो हे फाटणं सोसतो कसा? एका वेळी एकच सूर वाजतो आणि खालच्या तारा सा-पमध्ये लावलेल्या. फाटून जे उगवतं तेही मुख्यतः सा आणि प. पेटीचं जे व्हायचं ते त्याचं होत नाही. पाश्चात्त्य गिटारवालेही जोरात फाडताना तीन सुरांचा कॉर्ड टाकून फक्त सा-प धरतात.

वॉलचं मशीन नंतर फार दिवस टिकलं नाही. ट्रान्झिस्टरची मशीनं हलकी, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, तापायला वेळ न घेणारी. त्याआधी बॅटरीवर वॉल चालवायचा तर मशीनमध्ये व्हायब्रेटर लागायचा, एक गुरगुरणारी डबी, दर दोन महिन्यांनी बिघडणारी. ती गेली याचं काकांना सुखच झालं. पण ट्रान्झिस्टर फाटतो तेव्हा लाटेचा माथा विळ्यानं छाटल्यासारखा पडतो. बेंजोवाले तेही वाजवू लागले आणि कानही त्यालाच सरावले. मग डीजे आला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची वेळ घातली. काका तोवर नव्हते. मशीन मी किलोच्या भावानं भंगारात दिलं. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचे पैसे आले. ही गोष्ट मी घरात फारशी काढत नाही.

गेल्या दिवाळीत नातू पुण्याहून आला तो एक लहानसं मशीन घेऊन. गिटारचं, पाच वॉटचं, वॉलचं. किंमत ऐकून मी पाणी प्यालो. मागच्या जाळीतून पाहिलं तर एक ईसीसी-८३ आणि एक ईएल-८४. हा ईएल-८४ आमच्या गावातल्या चांगल्या रेडिओंत असायचा. बुधवारी रात्री आठला सिलोनवर अमीन सयानी बोलायचे ते त्याच्यातून. आता असे वॉल रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत बनतात.

“आबा, आधी क्लीन लावतो,” नातू म्हणाला. गेन कमी, मास्टर वर. आवाज काचेसारखा आला. मला खंजिरी आठवली. मी म्हटलं, जरा मागं घे, तार जोरात मारशील तेव्हा जागा लागेल. त्यानं घेतलं. मग त्याला फाडायचं होतं. त्यानं गेनची खुंटी एकदम शेवटाला नेली आणि भुणभुण सुरू झाली. माशीवानी. मी त्याला गेन अर्ध्यावर आणायला लावला आणि मास्टर पुरता उघडायला. पाच वॉटच्या मशीनचा एवढा फायदा, की ते पुरतं उघडलं तरी शेजारी पोलिसांत जात नाहीत. मोठा वॉल कामाला लागला. हळू छेडलं की साफ, जोरात छेडलं की कडेनं फाटायचं. मी खुंटी आणखी केसभर मागं घेतली, पुन्हा पुढं आणली. त्या केसभरासाठी आम्ही पाऊण तास बसलो. आतून दोनदा चहाला हाक आली.

सात वाजले. बल्ब किंचित पिवळा पडला. नातवानं तीच तार तशीच छेडली आणि सूर आधीपेक्षा जाड होऊन, थोडा दबून, मग उठून आला.

त्यानं मान वर केली. “आबा, तुम्ही हात लावला का?”

“नाई,” मी म्हटलं. “लाइन उतरली.”